अंगठ्याचे तंत्र, अंगठ्याचा बाजार

११ ऑक्टोबर २०१३ रोजी स्वीडनच्या शेअर बाजारात एक पत्रक येऊन थडकले. गोटेनबर्गची फिंगरप्रिंट कार्ड्‌स ही छोटी कंपनी सॅमसंगने ६५ कोटी डॉलरना विकत घेतली, असे त्यात म्हटले होते. पत्रक खोटे होते आणि दोन्ही कंपन्यांनी ते लगेच नाकारले. तरी तेवढ्या वेळात शेअरचा भाव जवळपास दीडपट झाला होता आणि व्यवहार थांबवावे लागले. थाप मारणाऱ्याने थाप नेमकी निवडली होती. जेमतेम वर्षभरापूर्वी, जुलै २०१२ मध्ये, ॲपलने फ्लोरिडातील ऑथेनटेक ही बोटांच्या ठशांचे सेन्सर बनवणारी कंपनी ३५.६ कोटी डॉलरना घेतली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये तिचे तंत्र आयफोन ५एसच्या बटणात बसून बाजारात आले. त्यामुळे सॅमसंगही असेच काही करणार, हे कोणालाही सहज पटण्यासारखे होते.

त्या दिवशी खरेदीला धावलेल्या लोकांच्या मनात अशा कंपनीचे एकच भवितव्य होते: कोणीतरी मोठा येईल आणि तिला विकत घेईल. मला तपासायचा आहे तो याच्या पलीकडचा प्रश्न. कोणीच विकत घेतले नाही, तर बायोमेट्रिक तंत्राची छोटी कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते का? त्याविषयी ज्या शंका घेतल्या जातात त्यांतल्या कोणत्या खऱ्या आणि कोणत्या फसव्या?

माझे म्हणणे असे की बहुतेक शंका चुकीच्या जागी घेतल्या जातात. तंत्र चालते का, ठसा बरोबर ओळखला जातो का, नकली बोटाने यंत्र फसते का, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण या धंद्यातल्या कंपन्या बहुधा तंत्र फसल्याने बुडालेल्या नाहीत. तंत्र उत्तम चालत असताना त्या आटल्या. म्हणून शंका घ्यायची ती कंपनी खरेदीदार आणि स्पर्धक यांच्यामध्ये कुठे उभी आहे, या जागेबद्दल.

तंत्राविषयीची शंका

तरीही तंत्रापासूनच सुरुवात करायला हवी, कारण विक्रीपत्रकांतला पहिला दावा अचूकतेचा असतो. बोटाचा ठसा जुळतो की नाही हे यंत्र हो किंवा नाही असे थेट सांगत नाही. ते साम्याचा गुणांक काढते आणि ठरावीक रेषेच्या वर गुणांक गेला तर जुळले असे मानते. ती रेषा वर सरकवली की परका माणूस आत शिरण्याची शक्यता घटते, पण खऱ्या मालकाला नाकारण्याची शक्यता वाढते. खाली आणली की उलट होते. म्हणून चुकीचा स्वीकार आणि चुकीचा नकार हे दोन दर एकत्र सांगितल्याशिवाय अचूकतेच्या टक्केवारीला अर्थ नसतो. छोट्या कंपनीच्या पत्रकात त्यांतला एकच दर असेल, तर तिथेच पहिली खूण करून ठेवावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आयफोनच्या बटणातल्या या सोयीबद्दल, म्हणजे टच आयडीबद्दल, ॲपलने सांगितले होते की अनोळखी बोट चुकून जुळण्याची शक्यता ५० हजारांत एक आहे. फोन उघडायला हे पुरेसे आहे, कारण तिथे तुलना मालकाच्या नोंदवलेल्या मोजक्या ठशांशी होते. हाच दर घेऊन दहा लाख ठशांच्या भांडारात एखादा ठसा शोधायला गेलात, तर सरासरी वीस चुकीचे उमेदवार हाती येतील. म्हणजे ‘हा तोच आहे का’ आणि ‘हा कोण आहे’ हे एकाच तंत्राचे दोन वेगळे धंदे आहेत. दुसऱ्या धंद्यात दहा बोटे, डोळ्यांची बुबुळे, प्रचंड संगणकशक्ती आणि वर्षानुवर्षे चालणारी सरकारी कंत्राटे लागतात. छोट्या कंपनीला तिथे फार काळ तग धरता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव हेच दाखवतो. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चेहरा आणि ठसा ओळखणाऱ्या कंपन्यांच्या शेअरना उधाण आले. व्हिजनिक्स ही त्यांतली एक नावाजलेली कंपनी. ती २००२ मध्ये आयडेंटिक्समध्ये विलीन झाली. आयडेंटिक्स आणि व्हायसेज यांची २००६ मध्ये एल-१ आयडेंटिटी सोल्युशन्स झाली. २०११ मध्ये तिला फ्रान्सच्या साफ्रां समूहाने घेतले. पुढे साफ्रांचाही हा विभाग विकला गेला आणि २०१७ मध्ये आयडेमिया या नावाने पुढे आला. कोजेंट या कॅलिफोर्नियातील कंपनीला थ्रीएमने २०१० मध्ये ९४.३ कोटी डॉलर मोजले, आणि काही वर्षांनी हा व्यवसाय जेमाल्टोला ८५ कोटींना देऊन टाकला. थ्रीएमसारख्या जगभर पसरलेल्या समूहालाही त्याची किंमत वाढवता आली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता नकली बोटाची शंका. २००२ मध्ये जपानचे संशोधक त्सुतोमू मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनच्या बोटांनी त्या वेळचे बहुतेक सेन्सर फसवून दाखवले. आयफोन ५एस बाजारात येऊन काही दिवस होतात तोच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशाच्या छायाचित्रावरून टच आयडी उघडले. फोनच्या विक्रीवर याचा काहीही परिणाम झाला नाही. लोक तोवर फोनला कुलूपच लावत नव्हते किंवा चार आकडी पिन टाकून कंटाळत होते. बोट टेकवले की फोन उघडतो, ही सोय त्यांना हवी होती. ग्राहक सुरक्षिततेपेक्षा सोयीला आधी पैसे देतो, हे या क्षेत्राचे मूळ अर्थशास्त्र आहे. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

गोटेनबर्गचा चढ-उतार

फिंगरप्रिंट कार्ड्‌सची स्थापना १९९७ ची. पहिली पंधरा-सोळा वर्षे कंपनी संशोधन करत, भागधारकांकडून भांडवल मागत कशीबशी चालली. मग ऑथेनटेक ॲपलच्या पोटात गेली आणि तिचा इतरांना होणारा पुरवठा आटला. मोटोरोलाचे माजी प्रमुख डेनिस वूडसाइड यांनी २०१५ मध्ये सांगितले की नेक्सस ६ फोनच्या पाठीवरची खळगी मुळात ठशाच्या सेन्सरसाठी होती, पण सर्वोत्तम पुरवठादार ॲपलने घेतला आणि बाकीचे तितके चांगले नव्हते. ॲपलशिवायच्या साऱ्या फोन-कंपन्यांना अचानक ठशाचा सेन्सर हवा होता आणि पुरवठादार बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतली व्हॅलिडिटी ही कंपनी २०१३ मध्ये सिनॅप्टिक्सने घेतली. उरलेल्यांत गोटेनबर्गच्या कंपनीकडे बोट सरकवायला न लावता नुसते टेकवून ठसा घेणारा सेन्सर तयार होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ह्वावेच्या मेट ७ फोनच्या पाठीवर तो बसला.

पुढचे आकडे पाहा. २०१४ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे २३ कोटी स्वीडिश क्रोनर होता. २०१५ मध्ये तो २९० कोटींवर गेला, २०१६ मध्ये सुमारे ६६४ कोटींवर. दोन वर्षांत अठ्ठावीस पट. २०१५ मध्ये शेअरचा भाव इतक्या वेगाने चढला की युरोपभरच्या बाजारांत त्याची चर्चा झाली. आणि मग २०१७ मध्ये महसूल २९७ कोटींच्या आसपास आला, २०१८ मध्ये १५४ कोटींच्या आसपास. शिखरापासून दोन वर्षांत चौथाईपेक्षाही खाली.

सर्वांत बोलकी गोष्ट अशी की या घसरणीच्या काळात ठशाचा सेन्सर असलेल्या फोनची संख्या घटली नाही, वाढली. महागड्या फोनपुरती असलेली सोय मध्यम आणि स्वस्त फोनांत उतरली. मागणी वाढत होती आणि त्या मागणीचा पाया घालणाऱ्या कंपनीचा महसूल कोसळत होता. ‘बाजार वाढणार आहे, म्हणून कंपनी वाढणार’ हा जो तर्क अशा प्रत्येक कंपनीच्या सादरीकरणात असतो, तो याच ठिकाणी तुटतो.

तो का तुटतो? पहिले कारण शेनझेनमध्ये आहे. गुडिक्स ही २००२ साली स्थापन झालेली चिनी कंपनी स्पर्शपडद्याच्या चिप बनवत होती. तिने ठशाचे सेन्सर बनवायला घेतले. ग्राहक शेजारच्या रस्त्यावर, जोडणीचे कारखाने हाकेच्या अंतरावर, आणि भाव कमी. दुसरे कारण साठ्याचे. गोटेनबर्गहून माल थेट फोन-कंपनीकडे जात नसे. मध्ये वितरक आणि सेन्सरला आवरण चढवून जोडणी करणारे कारखाने होते. २०१६ मध्ये त्यांच्याकडे माल साचला. कंपनीच्या वहीत विक्री दिसत होती, पण माल फोनपर्यंत पोचला नव्हता. वर्षअखेरीस तिला स्वतःचा महसुलाचा अंदाज खाली आणावा लागला आणि पुढच्या वर्षी मागणी गायब झाली, कारण आधी साचलेलेच संपवायचे होते. छोट्या पुरवठादाराची तिमाही विक्री पाहून जे आनंदित होतात, त्यांनी हा साठा कोणाच्या गोदामात आहे हे विचारायला हवे.

तिसरे कारण मला सर्वांत खोल वाटते आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ऑक्टोबर २०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ठशाच्या सेन्सरसाठी अधिकृत जोडणीची पद्धत दिली. त्याआधी प्रत्येक फोन-कंपनीला आपापले सॉफ्टवेअर जुळवावे लागे. आता एकच पद्धत झाली. बँका आणि पैसे देण्याची ॲप्स तिच्यावर विसंबू लागली, त्यामुळे सेन्सर हवासा झाला. पण त्याच पद्धतीमुळे एका कंपनीचा सेन्सर काढून दुसरीचा बसवणेही सोपे झाले. ज्या प्रमाणीकरणाने बाजार उघडला, त्यानेच पुरवठादाराची मक्तेदारी मोडली. या दोन्ही गोष्टी एकाच घटनेतून आल्या. एक पत्करून दुसरी टाळता येत नाही.

फोन घेणाऱ्याला पाठीवरचा सेन्सर कोणाचा आहे हे माहीत नसते आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. सेन्सर नसेल तर तो कुरकुर करील, पण अमुक कंपनीचाच हवा असे म्हणणार नाही. अशा घटकाची किंमत कोण ठरवतो? दोन पुरवठादार समोर बसवून घासाघीस करणारा फोन-कंपनीचा खरेदी विभाग. एकदा दुसरा पुरवठादार ‘पुरेसा चांगला’ झाला की पहिल्याचा सेन्सर किंचित जास्त चांगला असण्याला मोल उरत नाही.

चौथे कारण जागेचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोन एक्स आला आणि ॲपलने बटणासकट ठसाच काढून टाकून चेहरा आणला. जानेवारी २०१८ मध्ये विवोने पडद्याखाली सेन्सर असलेला फोन दाखवला. त्यातला सेन्सर सिनॅप्टिक्सचा होता. लवकरच गुडिक्स त्यात शिरली, आणि २०१९ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या एस१० मध्ये क्वालकॉमचा ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर आला. गोटेनबर्गची ताकद होती विद्युतधारिता मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, आणि त्याला बोटाचा जवळून स्पर्श लागतो. जाड काचेखाली, पडद्याच्या थरांमागे तो चालत नाही. फोनच्या कडेच्या बटणात त्याला जागा उरली, पण ती स्वस्त फोनांतली. मधल्या काळात, २०१७ मध्ये, कंपनीने बुबुळ ओळखणारी डेल्टा आयडी ही कॅलिफोर्नियातील कंपनी १०.६ कोटी डॉलरना घेतली. पैसा हाताशी असताना दुसरा पाय रोवायचा हा प्रयत्न समजण्यासारखा होता, पण फोनच्या जगाने बुबुळाला मनापासून स्वीकारलेच नाही. अखेर २०२४ मध्ये कंपनीने मोबाइलच्या व्यवसायातून बाहेर पडायचे ठरवले.

हे सगळे वाचून व्यवस्थापनाला दोष देण्याचा मोह होतो. माझे मत वेगळे आहे. त्यांनी काही निर्णय चुकीचे घेतले असतील, पण निर्दोष निर्णय घेऊनही २०१८ टळले नसते. दोन-तीन मोठे ग्राहक, एकच घटक, बदलता येण्याजोगी जोडणी आणि ग्राहकाच्याच देशातला स्पर्धक, हे चारही जिथे एकत्र येतात तिथे नफ्याचे वर्ष हा अपवाद असतो. शिखराच्या वर्षाचा नफा कायमचा धरून शेअरची किंमत मोजणाऱ्यांची चूक हीच झाली.

कार्डावरचा ठसा

गोटेनबर्गच्या कंपनीच्या नावात ‘कार्ड’ आहे आणि तिची पुढची आशाही कार्डावरच होती. बँकेच्या कार्डावर ठशाचा सेन्सर बसवायचा, म्हणजे पिनची गरज नाही. या कल्पनेमागे नॉर्वेच्या आयडेक्स आणि झ्वाइप या कंपन्याही होत्या. झ्वाइप आणि मास्टरकार्ड यांनी २०१४ मध्ये असे कार्ड जाहीर केले. २०१७ मध्ये मास्टरकार्डने दक्षिण आफ्रिकेत पिक-एन-पे ही दुकानांची साखळी आणि ॲब्सा बँक यांच्यासोबत ठशाच्या कार्डाची चाचणी घेतली.

यंत्र म्हणून हे कार्ड विलक्षण आहे. त्यात बॅटरी नाही. स्पर्शाविना व्यवहार करणाऱ्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून जेवढी वीज मिळते तेवढ्यात ठसा घ्यायचा, कार्डावरच तो ताडून पाहायचा आणि उत्तर द्यायचे, तेही ग्राहक कार्ड मागे घेण्याआधी. ठशाची नोंद कार्डाच्या सुरक्षित चिपमध्येच राहते, बँकेकडे जात नाही. खासगीपणाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली रचना मला माहीत नाही, आणि म्हणूनच तिची बाजारातली गत पाहून वाईट वाटते.

गत अशी की चाचण्या पुष्कळ झाल्या आणि मोठी विक्री झाली नाही. कार्डाचा जास्तीचा खर्च बँकेने सोसायचा होता. बँकेला काय मिळणार होते? स्पर्शाविना व्यवहाराला मर्यादा असते आणि त्यापुढे पिन लागतो. ती अडचण ठसा दूर करणार होता. पण ब्रिटनने ही मर्यादा ३० पौंडांवरून एप्रिल २०२० मध्ये ४५ आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंडांवर नेली. भारतात रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती २,००० रुपयांवरून ५,००० केली. नियामकाच्या एका परिपत्रकाने, कोणताही खर्च न होता, तीच अडचण बरीचशी सुटली. उरलेली ज्यांना छळत होती ते फोनने पैसे देऊ लागले, आणि फोनवर ठसा आधीपासूनच होता. २०२५ मध्ये झ्वाइप दिवाळखोरीत गेली.

कंपनीने सोडवलेली अडचण दुसरा कोणी फुकटात सोडवू शकतो का, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या पानावर हवा. इथे ‘दुसरा कोणी’ म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीच असे नाही. तो नियामक असेल, फोनमधली आधीचीच सोय असेल, किंवा ग्राहकाची सवय असेल. पासवर्डविना लॉगिनसाठीचे फिडो संघटनेचे मानक आणि २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून स्वीकारलेली पासकीची पद्धत यांनी कार्यालयीन लॉगिनच्या बाजारात नेमके हेच केले. ठसा फोन किंवा लॅपटॉप ओळखतो आणि वेबसाइटला फक्त गणिती पुरावा जातो. वेगळा सेन्सर, वेगळा सर्व्हर विकणाऱ्या छोट्या कंपनीची जागा त्या प्रमाणात आक्रसली.

टेंभलीपासून पुढे

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर ठसा घेणाऱ्या यंत्रांची जगातली एक प्रचंड बाजारपेठ इथे उभी राहिली: रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, बँक मित्राच्या हातातले छोटे यंत्र, सिमकार्डच्या दुकानातले, हजेरीचे. छोट्या सेन्सर-कंपनीला यापेक्षा चांगले काय हवे, असे वाटेल.

पण या बाजाराचे नियम खरेदीदारांच्याही वर बसलेले आधारचे प्राधिकरण ठरवते. यंत्र प्रमाणित हवे, ठशाची नोंद ठरलेल्या स्वरूपात हवी. २०१७ पासून यंत्र नोंदणीकृत असावे लागते, म्हणजे ठसा यंत्राच्या सेवेतच सांकेतिक करून बाहेर पडतो. पुढे सुरक्षेच्या एल-० ऐवजी एल-१ दर्जाची यंत्रे आणण्याचा निर्णय झाला. त्यांत हे सांकेतिकीकरण यंत्राच्या सुरक्षित चिपमध्येच होते, जोडलेल्या संगणकावर अवलंबून राहावे लागत नाही. जुन्या, साठवलेल्या किंवा रबरी ठशांनी होणारी फसवणूक रोखण्यासाठी हे आवश्यक होते. नॉर्वेची नेक्स्ट बायोमेट्रिक्स ही कंपनी अशा यंत्रांसाठी आपले उष्णतेवर चालणारे सेन्सर भारतात विकू लागली, ती या बदलाच्या आधाराने.

पुरवठादाराच्या बाजूने पाहिले तर अशी मागणी सरकारी मुदतीबरोबर येते आणि मुदत संपली की ओसरते. जुनी यंत्रे बदलून झाली, की नवी विक्री पुन्हा नियम बदलेपर्यंत थांबते. मुदत पुढे ढकलली तर कंपनीचे अख्खे वर्ष हलते. प्रमाणपत्र ज्यांना मिळाले ते सारे सारखेच ठरतात आणि मग निविदेत भाव उरतो. शिवाय प्राधिकरणाने साध्या फोनच्या कॅमेऱ्यावर चेहऱ्याने ओळख पटवायची सोय दिली. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ती नोव्हेंबर २०२१ पासून वापरात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनाही फोनवरच्या ठशाने किंवा चेहऱ्याने मान्यता देण्याची वाट खुली झाली. प्रत्येक वेळी वेगळ्या यंत्राची गरज थोडी कमी होते.

आणि एक गोष्ट मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ठाऊक आहे की चुकीच्या नकाराचा दर हा प्रयोगशाळेतला आकडा नसतो. ऊसतोड, बांधकाम, विडी वळणे, भांडी घासणे यांनी ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांच्या बाबतीत तो कितीतरी वर जातो. वयाबरोबरही जातो. कंपनीने चाचणी कार्यालयात बसणाऱ्यांच्या बोटांवर घेतली असेल, तर तिचा दावा या बाजारासाठी निरुपयोगी आहे. कोरड्या, झिजलेल्या बोटांचा ठसा नीट घेणे हे अजूनही न सुटलेले काम आहे. छोट्या कंपनीला स्वतःची अशी जागा मिळवायची असेल, तर ती इथे आहे. तिथे दुसरा पुरवठादार लगेच ‘पुरेसा चांगला’ होत नाही.

जाहीर झालेले आणि जमा झालेले

अमेरिकेतल्या न्यू जर्सीची बायो-की ही खरोखर छोटी कंपनी. ठसा ओळखण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याभोवतीच्या सेवा ती विकते. २०२० मध्ये तिने आफ्रिकेतले मिळून सुमारे साडेसात कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतील असे करार जाहीर केले. २०२१ या संपूर्ण वर्षाचा तिचा महसूल सुमारे ५१ लाख डॉलर होता. यात मी लबाडीचा आरोप करत नाही. ‘पर्यंत जाऊ शकतील’ हे शब्द पत्रकांत असतात, आणि सरकारी किंवा अर्धसरकारी कामांत निधी, साथ, सत्ताबदल अशा शंभर अडचणी येतात. सांगायचे ते एवढेच की या क्षेत्रात जाहीर करार आणि बँकेत जमा झालेला पैसा यांच्यामधले अंतर असामान्य मोठे असते.

याच कंपनीने २०२० मध्ये आठ शेअरचा एक आणि डिसेंबर २०२३ मध्ये अठरा शेअरचा एक असे एकत्रीकरण केले. दोन्ही मिळून १४४ जुन्या शेअरचा एक नवा. नॅसडॅकवर राहायचे तर भाव एका डॉलरच्या खाली फार काळ राहून चालत नाही, म्हणून कंपन्या हा मार्ग घेतात. याने मालकीची किंमत बदलत नाही, पण जुना भाव आणि आजचा भाव यांची तुलना मात्र नवख्याला करता येत नाही. दरम्यान नवे भाग विकून तूट भरली जाते. तंत्र टिकते, कंपनी टिकते, आणि मूळ भागधारकाचा वाटा पातळ होत जातो. म्हणून विक्रीच्या आकड्याआधी मी तीन गोष्टी पाहीन: हातातली रोकड सध्याच्या खर्चाने किती महिने पुरेल, सर्वांत मोठ्या दोन ग्राहकांकडून किती टक्के महसूल येतो, आणि येणे रक्कम महसुलापेक्षा वेगाने वाढते आहे का.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. ऑथेनटेकच्या भागधारकांना ॲपलने दर शेअरला आठ डॉलर दिले आणि तो भाव आधीच्या दिवसापेक्षा बराच वर होता. पण ॲपलने पैसे मोजले ते तिच्या नफ्यासाठी नव्हते. ते तंत्रासाठी होते, आणि ते तंत्र दुसऱ्याला मिळू नये यासाठीही. असा ग्राहक दशकात एखाद्या वेळी येतो आणि एका कंपनीकडे येतो. बाकीच्यांनी त्याच्या वाटेकडे डोळे लावून धंदा आखणे म्हणजे ११ ऑक्टोबर २०१३ च्या खरेदीदारांसारखे वागणे आहे.

कंपनी बुडाली तर

या शंका फक्त गुंतवणूकदारांच्या आहेत असे मानले जाते, ते मला मान्य नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पे बाय टच या कंपनीने किराणा दुकानांत बोट टेकवून पैसे देण्याची सोय केली होती. लाखो लोकांनी आपले ठसे आणि बँक खात्यांचे तपशील तिच्याकडे नोंदवले होते. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मार्च २००८ मध्ये सेवा बंद झाली. मग प्रश्न आला: ठशांचे हे भांडार कंपनीची मालमत्ता म्हणून विकले जाऊ शकते का? इलिनॉय राज्याने त्याच वर्षी बायोमेट्रिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यामागे ही घटना होती. लेखी संमतीशिवाय ठसा घेणे आणि ठसे विकणे यांवर त्याने बंधने घातली.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तरी शाळा, पतपेढ्या, साखर कारखाने, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था हजेरीचे यंत्र घेतात तेव्हा प्रश्न बहुधा किमतीचा आणि दुरुस्तीच्या कराराचा असतो. पुरवणारी कंपनी पाच वर्षांनी असेल का, हे विचारले जात नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. त्यामुळे पुरवठादाराच्या भवितव्याची शंका हा खरेदीच्या कागदपत्रांचा भाग असायला हवा. ठशांच्या नोंदी संस्थेच्या यंत्रात राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर? त्या कंपनीच्या खासगी स्वरूपात आहेत की आयएसओच्या १९७९४-२ सारख्या मानक स्वरूपात, म्हणजे उद्या दुसऱ्याच्या यंत्रावर नेता येतील? कर्मचारी सोडून गेला तर त्याची नोंद कोण पुसतो? कंपनी बंद झाली किंवा विकली गेली तर नोंदी नष्ट केल्याचा लेखी दाखला कोण देणार, आणि त्याची मुदत किती? ही चार उत्तरे करारात नसतील, तर यंत्र कितीही अचूक असले तरी ते घेऊ नये.